पाकळ्या मोजू नका



घरातलं माणूस गेलं की आपण त्याचा फोटो मोठा करून घेतो, चौकटीत बसवून चंदनाचा हार घालतो. फोटो निवडतो तो मात्र हसरा, बहुधा कुणाच्या तरी लग्नातला. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधली काही बडी घराणी वेगळं करत. चित्रकाराला थेट मृताच्या बिछान्यापाशीच बोलवत. त्या शोकचित्रांच्या हाताने रंगवलेल्या नकला आज घरबसल्या मागवता येतात. मला बोलायचं आहे ते या नकलांबद्दल. तैलरंगाचे थर कसे चढवतात, जवस तेल किती घालतात, हे सगळं आज बाजूला ठेवू.

माझं लाडकं शोकचित्र चित्रकार व्हॅन डाइकचं आहे. सर केनेल्म डिग्बी हा दर्यावर्दी आणि विद्वान गृहस्थ. त्याची बायको व्हेनिशिया 1633 सालच्या मे महिन्याच्या पहिल्या सकाळी अंथरुणातच मृत आढळली. आजारपण नाही, काही नाही. डिग्बीने लगेच व्हॅन डाइकला बोलावून घेतलं. चित्र फार मोठं नाही, लांबीरुंदीला साधारण पाऊण मीटर. गडद निळे पडदे, निळंच पांघरूण, डोक्याला टोपी, गळ्यात मोत्यांची माळ आणि हातावर टेकलेलं डोकं. पहिल्या नजरेला वाटतं, बाई गाढ झोपल्या आहेत.

आता गाल पाहा. तिथे किंचित लाली आहे. डिग्बीने लिहून ठेवलंय, की चेहरा चोळून आम्ही तेवढा रंग आणला होता. म्हणजे ही लाली रक्ताची नव्हे, नातलगांच्या बोटांची. आणि चादरीच्या काठावर एक गुलाब आहे, पाकळ्या सुटू लागलेला. या चित्रात चित्रकाराने आपल्या मनाने घातलेली गोष्ट एवढीच, हेही डिग्बीनेच सांगितलंय. हे चित्र तो सतत जवळ ठेवायचा, रात्री तर अंथरुणाशेजारी.

नकलाकार घोटाळा करतात तो नेमका इथेच. गालाची लाली त्यांना कमी वाटते, म्हणून ती वाढवतात. गुलाब कोमेजलेला बरा दिसत नाही, म्हणून तो टवटवीत करतात. पाकळ्या तर अशा मांडतात, जणू कुणी हळदीकुंकवाला ताट सजवलंय! मला याचा मनापासून राग येतो. मेलेल्या बाईला बरं वाटावं म्हणून केलेला हा उपद्व्याप आहे. गिऱ्हाइकाला भिंतीवर प्रेत नको असतं, हे मला कळतं. पण मग फुलदाणीचं चित्र घ्यावं की!

तरीही हाताने केलेली नक्कल मला छापील चित्रापेक्षा आवडते. छपाईला कसलाच निर्णय घ्यावा लागत नाही. नकलाकाराला मात्र बोटबोटभर जागेवर ठरवावं लागतं, की इथला पांढरा कोणता. तो चुकला की कुठे चुकला तेही दिसतं आणि त्या चुकीवरून मूळ चित्र काय म्हणत होतं ते उमगतं. स्वतः व्हॅन डाइकच्या चित्रशाळेतही मदतनीस त्याच्या चित्रांच्या प्रती काढत, त्यामुळे यात कमीपणा कसला?

मला चित्रकला शिकवणाऱ्या सरांनी व्हेनिशियाच्याच चित्राची नक्कल केली होती. मूळ चित्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, समोर होतं फक्त पुस्तकातलं एक पान. ते आधी उशी रंगवत बसले. आम्ही पोरं चेहऱ्याची वाट पाहत होतो. सर म्हणाले, “अरे, उशी जमल्याशिवाय चेहऱ्याचा रंग कळायचा कसा?” उशीच्या घड्यांत त्यांनी निळसर, पिवळसर, राखी असे कितीतरी पांढरे घातले. चेहरा शेवटी आला, आणि तोही थोडक्यात. गुलाब त्यांना साधला नाही. पण त्यांनी तो सजवलाही नाही.

दुसरं एक चित्र सांगतो, मँचेस्टरच्या कलादालनातलं. चेस्टरच्या जॉन साउचने ते 1635 मध्ये काढलं. सर थॉमस अ‍ॅस्टनची बायको मॅग्डलीन बाळंतपणात गेली. चित्रात ती दोनदा आहे: पलंगावर मृत आणि कोपऱ्यात काळ्या कपड्यांत बसलेली, जिवंत. मध्ये काळ्या कापडाने झाकलेला पाळणा, त्यावर कवटी आणि कवटीवर नवऱ्याचा हात. साउच घराण्यांची मानचिन्हं रंगवण्याचं काम शिकलेला माणूस होता, त्यामुळे माणसं ताठ, खोली जरा वाकडीतिकडी. नकलाकार ती खोली सरळ करतात आणि चित्रातले सगळे काळे एकाच डब्यातून ओततात. पाळण्याचा काळा आणि नवऱ्याच्या अंगरख्याचा काळा एक झाला, की पाळणा दिसेनासाच होतो. उरतो तो एक रुबाबदार सरदार.

व्हेनिशियाचं चित्र दक्षिण लंडनमध्ये डलविचच्या कलादालनात आहे. तुमच्यापैकी अनेकांची मुलं, भाचरं तिकडे नोकरीला असतील. त्यांच्याकडे जाल तेव्हा एक दुपार डलविचसाठी राखून ठेवा. चित्रासमोर उभं राहिल्यावर चेहऱ्याकडे लगेच पाहू नका. आधी उशी पाहा, मग पांघरुणाचा निळा, मग गुलाब, आणि त्यानंतर गाल. नक्कल विकत घ्यायची असेल, तर ती त्यानंतर घ्या.