पऱ्हाटीचा प्रकल्प

पाथरी भागात कापसाची शेवटची वेचणी झाली, की पऱ्हाट्या उपटून बांधावर पेटवल्या जातात. तीच पऱ्हाटी कमी हवेत जाळली, कोळशाचा भुगा करून शेणात कालवला आणि दाबून वाळवला, की कांडीकोळसा तयार. आठवी-नववीच्या मुलांना जमेल असं काम. आगीजवळ मात्र गुरुजी हवेतच! असंच करत करत शिकण्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम पुढे अनेक शाळांत गेला. त्यात शेती, ऊर्जा, अभियांत्रिकी, गृह-आरोग्य सारं मुलं हातानं शिकतात. शिक्षकहो, अशा प्रकल्पांना गुण देताना सुबकपणाबरोबर एवढंही विचारा: बनवलेली वस्तू मोडली तर गावातच दुरुस्त होईल का?