वृद्धाश्रमातला घरचा डबा

पालघर, बोईसर, तारापूरकडच्या वृद्धाश्रमात कुणाची आई असते, कुणाचे मामा असतात. त्यांना भेटायला जाताना आपण रिकाम्या हाताने जात नाही. पिशवीत सातपाटीच्या पापलेटचं कालवण असतं, कोलंबीभात असतो, खोबऱ्याच्या वड्या असतात. हे जरूर न्यावं. संस्थेचं जेवण कितीही चांगलं असलं तरी घरच्या वाटणाची चव तिथे मिळत नाही.

पण वाटेचा हिशेब करा. दादरहून निघालात, विरारला गाडी बदललीत, बोईसरला उतरून रिक्षा केलीत, की दोन-अडीच तास गेलेच. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये जंतू झपाट्याने वाढतात, आणि आपल्या किनाऱ्यावरची हवा बारा महिने त्यातच असते. भाताला तर फार जपावं. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजला तरी जिवंत राहतात. भात कोमट राहिला की जिवाणू वाढतात, आणि त्यांचं एक विष भात पुन्हा कितीही गरम केला तरी जात नाही. म्हणून लांबून येणाऱ्यांनी लाडू, चकल्या, वसईची सुकेळी, सुक्या बोंबलाची कोरडी चटणी आणावी. कालवण-भात जवळ राहणाऱ्यांनी न्यावा.

आता खोलीत काय होतं ते पाहा. आजी अर्धी वडी खातात, उरलेली रुमालात बांधून कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवतात. कपाट आवरणाऱ्या ताईंना ती सापडते, त्या टाकून देतात. पुढच्या वेळी आजी आणखी आत लपवतात. स्वतःचं म्हणावं असं त्यांच्याजवळ थोडंच उरलेलं असतं, त्यात लेकीच्या हातची ती वडी. त्यांना न विचारता ती टाकणं मला अजिबात मान्य नाही.

धोका मात्र खरा आहे. वयाबरोबर नाक आणि जीभ मंदावतात, आंबलेलं कळत नाही. आम्लपित्ताच्या गोळ्या चालू असतील तर पोटातलं आम्लही कमी होतं आणि जंतूंचं फावतं. तरुण माणूस एका दिवसात सावरतो त्या जुलाबांनी ऐंशीच्या आजोबांना सलाईन लावायची वेळ येते.

संस्थाचालकांना करता येण्यासारखं बरंच आहे. फ्रिजचा एक कप्पा रहिवाशांच्या घरच्या डब्यांसाठी राखावा. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून नाव, पदार्थ, तारीख आणि वेळ लिहावी. फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवावा आणि पारा ५ अंशांच्या खाली आहे ना, ते रोज पाहावं. पावसाळ्यात वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नये; बंद दाराआड थंडावा साधारण चार तास टिकतो. कोरड्या खाऊसाठी आजींना खोलीतच घट्ट झाकणाचा, त्यांच्या नावाचा डबा द्यावा. आठवड्यातून एकदा तो त्यांच्यासमोर उघडावा, आणि काय ठेवायचं, काय टाकायचं ते त्यांच्याशी बोलून ठरवावं.

आणि श्रोतेहो, पुढच्या वेळी भेटायला जाल तेव्हा एका बैठकीत संपेल एवढंच न्या. उरलं तर ते उशाशी ठेवून येऊ नका. स्वयंपाकघरातल्या ताईंच्या हाती द्या आणि केव्हा शिजवलंय ते त्यांना सांगा.