बॅटरसीचा मतदारसंघ

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निवडणुकांवर बोलायचे म्हटले की आपल्याकडे बहुधा पुढाऱ्यांवर बोलले जाते. कोण उभा राहिला, कोण पडला, कोणी कोणाला पाडले. मतदारसंघ जणू रंगमंचाची फळी. तिच्यावर नट नाचावेत, फळीकडे कोणी पाहू नये. आज मी फळीकडे पाहणार आहे. लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर बॅटरसी नावाची वस्ती आहे. ती निवडण्याचे एक कारण आपल्या परिचयाचे आहे. मुंबईत जन्मलेला एक पारशी गृहस्थ, शापुरजी सकलातवाला, तेथून दोनदा पार्लमेंटवर निवडून गेला. पण सकलातवालांची गोष्ट सांगून मी थांबणार नाही. त्यांच्याआधी तेथे जे उभे राहिले होते आणि त्यांच्यानंतर जे मोडले, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बॅटरसी झपाट्याने वाढली. नाईन एल्म्सच्या रेल्वे यार्डात, गॅसच्या कारखान्यात, मेणबत्त्यांच्या आणि मुशींच्या कारखान्यांत माणसे राबत होती आणि नदीकाठच्या दाट चाळवजा वस्तीत राहत होती. 1885 मध्ये बॅटरसी स्वतंत्र मतदारसंघ झाला आणि पहिला प्रतिनिधी उदारमतवादी पक्षाचा निघाला. 1892 मध्ये मात्र तेथून जॉन बर्न्स निवडून आला. पेशाने इंजिनियरिंगचा कारागीर, 1887 मधील ट्रॅफल्गार चौकातील निदर्शनांबद्दल तुरुंगवास भोगलेला, 1889 च्या लंडन गोदीकामगारांच्या संपाचा अग्रणी. त्याच निवडणुकीत लंडनच्याच दुसऱ्या भागातून, मध्य फिन्सबरीतून, दादाभाई नवरोजी अगदी बोटांवर मोजण्याइतक्या मताधिक्याने निवडून आले होते, हे आपल्याला ठाऊक आहेच.

त्या काळी पार्लमेंटच्या सभासदांना वेतन नसे. ते 1911 मध्ये सुरू झाले. बर्न्सच्या उदरनिर्वाहासाठी बॅटरसीतील कामगार पेनी पेनी वर्गणी गोळा करीत. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. प्रतिनिधी आमचा आहे असे म्हणणे सोपे. त्याच्या घरची चूल आमच्या वर्गणीवर पेटते असे म्हणता येणे ही वेगळीच पायरी आहे. आणि म्हणूनच पुढे जे झाले त्याचे दुःखही वेगळे. बर्न्स हळूहळू उदारमतवाद्यांच्या गोटात सरकला. स्वतंत्र मजूर पक्ष उभा राहत असताना तो त्यापासून दूर राहिला. 1905 च्या डिसेंबरमध्ये तो मंत्रिमंडळात गेला. ब्रिटिश मंत्रिमंडळात बसणारा तो पहिला कामगार. वार्षिक वेतन 2,000 पौंड. पेनी गोळा करणाऱ्यांना हा आकडा कसा वाटला असेल याची कल्पना आपण करू शकतो. त्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदविली पाहिजे: 1914 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंड महायुद्धात उतरले तेव्हा त्याने मंत्रिपदाचा राजीनामा दिला. तत्त्वासाठी खुर्ची सोडणारी माणसे आपल्या परिचयात किती आहेत, हे ज्याने त्याने मोजावे.

पण बर्न्स गेला म्हणून बॅटरसी रिकामी झाली नाही. येथेच माझा मुद्दा आहे. पुढारी वर सरकत असताना खाली नगरपालिकेत काम चालू होते. उदारमतवादी, समाजवादी आणि कामगार संघटनांचे लोक एकत्र येऊन नगरपालिका चालवीत. 1903 मध्ये तिने लॅचमियर येथे कामगारांसाठी घरे बांधली आणि ती ठेकेदाराला न देता स्वतःच्या पगारी कामगारांकडून बांधून घेतली. त्या वस्तीतील रस्त्यांची नावे ऐका: फ्रीडम स्ट्रीट, रिफॉर्म स्ट्रीट आणि जूबर्ट स्ट्रीट. हा जूबर्ट कोण? बोअर युद्धात इंग्रजांविरुद्ध लढलेला सेनापती. स्वतःच्या साम्राज्याविरुद्ध लढणाऱ्याचे नाव साम्राज्याच्या राजधानीतल्या एका नगरपालिकेने आपल्या रस्त्याला दिले. ते युद्ध नुकतेच संपले होते हे ध्यानात घेतले, म्हणजे त्या पाटीचे वजन कळते.

याच नगरपालिकेत 1906 मध्ये जॉन आर्चर सभासद झाला. जन्म लिव्हरपूलचा, वडील बार्बाडोसचे, आई आयरिश, धंदा फोटोग्राफीचा. 1913 च्या नोव्हेंबरमध्ये 40 विरुद्ध 39 मतांनी तो बॅटरसीचा महापौर झाला. लंडनमधील एका नगरपालिकेचा प्रमुख म्हणून एक कृष्णवर्णीय माणूस, आणि तोही अवघ्या एका मताने! सकलातवालांचे नाव सारे घेतात, आर्चरचे फार थोडे घेतात. वास्तविक आर्चर नसता तर बॅटरसीत सकलातवालांचा निभाव लागला असता की नाही, याची मला शंका आहे.

1918 मध्ये बॅटरसीचे उत्तर आणि दक्षिण असे दोन मतदारसंघ झाले. कामगारवस्ती मुख्यतः उत्तरेत राहिली. त्याच वर्षी एकवीस वर्षांवरील सर्व पुरुषांना आणि तीस वर्षांवरील बहुसंख्य स्त्रियांना मताधिकार मिळाला, आणि स्त्रियांना उमेदवारीचा हक्कही. उत्तर बॅटरसीतून मजूर पक्षाने शार्लट डेस्पार्ड यांना उभे केले. वय 74, युद्धविरोधी, स्त्री-मताधिकाराच्या चळवळीतील तुरुंगवास भोगलेल्या. त्यांचे सख्खे बंधू फील्डमार्शल फ्रेंच महायुद्धात ब्रिटिश सैन्याचे सेनापती होते. विजयाच्या उन्मादात युद्धविरोधकाला मते मिळणे शक्य नव्हते. बाई पराभूत झाल्या. पण अशा वेळी असा उमेदवार देणारी संघटना आपल्या मतदारांना ओळखत होती, आणि थोडी वाट पाहण्याची तिची तयारी होती.

1922 मध्ये तिने सकलातवालांना उभे केले. जमशेटजी टाटांच्या सख्ख्या बहिणीचा हा मुलगा. मुंबईच्या प्लेगमध्ये त्यांनी रुग्णसेवा केली, टाटांच्या लोखंडाच्या उद्योगासाठी मध्य भारतात खनिजांचा शोध घेतला, 1905 मध्ये ते विलायतेस गेले, 1909 मध्ये इंडिपेंडंट लेबर पार्टीत आणि 1921 मध्ये कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले. मजूर पक्षात आणि कम्युनिस्ट पक्षात एकाच वेळी राहण्याची सवलत तेव्हा होती. मजूर पक्षाच्या अधिकृत पाठिंब्याने त्यांना 11,311 मते पडली आणि 2,021 मताधिक्याने ते निवडून आले. इंग्लिश कामगारांनी परदेशी, परधर्मी, कम्युनिस्ट उमेदवाराला मते दिली. आपल्याकडे उमेदवार ठरविताना प्रथम जातीचे गणित मांडले जाते. त्यावर अधिक बोलत नाही, आपण सगळे त्या बैठकांना बसलेले आहोत.

पुढच्याच वर्षी, 1923 मध्ये, विरोधक एकवटले. सकलातवालांची मते वाढून 12,341 झाली, तरीही ते 186 मतांनी पडले. 1924 मध्ये पुन्हा निवडणूक लागली. झिनोव्हिएव्हच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या बनावट पत्रामुळे सर्व देशभर लाल भीतीचे वातावरण होते. तशातही त्यांना 15,096 मते मिळाली आणि 542 मतांनी त्यांनी जागा परत घेतली. या वेळी ते उघडपणे कम्युनिस्ट म्हणून उभे होते. कम्युनिस्टांना उमेदवारी देऊ नये असे मजूर पक्षाच्या अधिवेशनाने त्याच महिन्यात ठरविले होते. बॅटरसीच्या स्थानिक मजूर संघटनेने ते ऐकले नाही आणि आपल्या माणसासाठी घरोघर हिंडली.

साथींनो, आता मी ज्या प्रश्नासाठी हा विषय घेतला तेथे आलो. पक्षाचा निर्णय श्रेष्ठ की स्थानिक कार्यकर्त्यांचा? 1925 च्या लिव्हरपूल अधिवेशनात कम्युनिस्टांना वैयक्तिक सभासदत्वही नाकारण्यात आले. बॅटरसीच्या मंडळींनी आपल्यातल्या कम्युनिस्टांना काढण्यास नकार दिला. 1926 मध्ये मध्यवर्ती पक्षाने ती सबंध संघटनाच बाहेर काढली आणि शेजारी नवी, आज्ञाधारक संघटना उभी केली. पंचवीस-तीस वर्षे एका टेबलाभोवती बसलेली माणसे आता दोन टेबलांभोवती बसू लागली. आर्चर नव्या संघटनेत गेला. सकलातवालांच्या प्रचाराची धुरा वाहणारा हा माणूस 1929 मध्ये त्यांच्याविरुद्धच्या मजूर उमेदवाराचा निवडणूक-प्रतिनिधी होता.

त्या मधल्या तीन वर्षांत सकलातवाला काय करीत होते? 1926 च्या सार्वत्रिक संपाच्या तोंडावर, मे दिनी हाइड पार्कमध्ये केलेल्या भाषणाबद्दल त्यांना दोन महिन्यांची कैद झाली. 1927 च्या प्रारंभी ते हिंदुस्थानात आले, मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत सभा घेतल्या, गांधीजींशी खादी आणि कामगार संघटना यांवर जाहीर पत्रवाद घातला. परत गेल्यावर सरकारने त्यांना मायदेशी येण्यास कायमची बंदी केली, आणि 1929 मध्ये आलेल्या मजूर सरकारनेही ती उठविली नाही. कॉमन्समध्ये हिंदुस्थानावर ते अविश्रांत बोलत. त्यांच्या हातून चुका झाल्या नाहीत असे नाही. मजूर पक्षाशी संबंध तोडावेत या मताकडे ते स्वतःच आधीपासून झुकलेले होते, आणि 1928 मध्ये मॉस्कोहून ‘वर्गाविरुद्ध वर्ग’ हे धोरण आले तेव्हा त्यांनी ते मनापासून स्वीकारले. कालपर्यंत ज्यांनी त्यांच्यासाठी दारे ठोठावली होती त्या मजूर कार्यकर्त्यांना शत्रूच्या रांगेत बसविणारे ते धोरण होते.

1929 च्या निवडणुकीत मजूर पक्षाचे स्टीफन सँडर्स निवडून आले, हुजूर पक्ष दुसरा राहिला, आणि सकलातवाला 6,554 मतांसह तिसरे. कोणी म्हणेल, जागा तर मजूर पक्षाकडेच राहिली, मग बिघडले काय? 1931 मध्ये तीही हुजूर पक्षाकडे गेली. अर्थात त्या वर्षी मजूर पक्ष सर्वत्रच कोसळला होता, म्हणून त्याचे खापर मी बॅटरसीच्या फुटीवर फोडणार नाही. पण फुटीचा हिशेब केवळ जागांत करावयाचा नसतो. जूबर्ट स्ट्रीटची पाटी लावण्याची छाती ज्या संघटनेत होती, ती नंतर कोणत्याच टेबलाभोवती दिसत नाही. एकीकडे शिस्त राहिली, दुसरीकडे निष्ठा राहिली. माझे मत विचाराल तर दोष अधिक मध्यवर्ती पक्षाचा होता. मतदारसंघातल्या माणसांनी काट्यावर जिंकलेली जागा त्याने स्वतःची मालमत्ता मानली. तथापि दुसऱ्या बाजूनेही एकी टिकविण्यासाठी फारसा जीव टाकला नाही, हेही म्हटले पाहिजे. आर्चर 1932 मध्ये वारला. सकलातवाला 1936 च्या जानेवारीत गेले. त्यांच्या अस्थी ब्रुकवुडच्या पारशी दफनभूमीत आहेत. जमशेटजी टाटांचीही समाधी तेथेच.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. 1935 मध्ये सँडर्स यांनी जागा परत मिळविली. 1946 च्या पोटनिवडणुकीत डग्लस जे आले आणि 1983 पर्यंत राहिले. ती जागा इतकी निर्धोक झाली होती की तिच्याविषयी सांगण्यासारखे फार उरत नाही. 1983 मध्ये उत्तर बॅटरसीचा मतदारसंघच रद्द झाला आणि सबंध बॅटरसीचा एक मतदारसंघ पुन्हा निर्माण झाला. त्याच वर्षी नदीकाठचे प्रचंड वीजकेंद्रही बंद पडले. नव्या मतदारसंघाचे पहिले प्रतिनिधी आल्फ डब्स, 1939 मध्ये सहा वर्षांचे असताना नाझींच्या तावडीतून निसटून प्रागहून आलेले निर्वासित मूल. बॅटरसीने पुन्हा एकदा बाहेरून आलेल्याला आपला मानले होते. 1987 मध्ये ते 857 मतांनी पडले. मध्यंतरी वॅन्ड्सवर्थच्या नगरपालिकेवर 1978 पासून हुजूर पक्षाची सत्ता होती आणि तिने सार्वजनिक घरे विकण्याचा सपाटा लावला होता. भाडेकरू मालक झाला, मालकाचे मत बदलले, आणि पुष्कळ घरे पुढे पैसेवाल्यांच्या हाती गेली. मतदारसंघ निवडणुकीच्या दिवशी फिरत नाही, तो घरांच्या व्यवहारात आधीच फिरलेला असतो.

तरीही सरळ रेषा काढता येत नाही. 1997 मध्ये मजूर पक्षाने जागा परत घेतली, 2005 मध्ये ती अवघ्या 163 मतांनी राखली, 2010 मध्ये गमावली. 2017 मध्ये मार्शा द कॉर्डोव्हा यांनी 2,416 मतांनी ती जिंकली आणि 2019 व 2024 मध्येही त्या निवडून आल्या. 2022 मध्ये वॅन्ड्सवर्थची नगरपालिकाही चव्वेचाळीस वर्षांनंतर मजूर पक्षाकडे आली. त्याच वर्षी जुने वीजकेंद्र दुकाने, कचेऱ्या आणि श्रीमंतांच्या सदनिका घेऊन पुन्हा उघडले. जवळच नाईन एल्म्समध्ये 2018 पासून अमेरिकेची वकिलात आहे. याच अमेरिकेने 1925 मध्ये बॅटरसीच्या प्रतिनिधीला, सकलातवालांना, प्रवेश नाकारला होता. लॅचमियरची घरेही उभी आहेत. फ्रीडम स्ट्रीट आणि जूबर्ट स्ट्रीट या पाट्या अजून तेथे आहेत.