मुक्या सोबत्याचं आजारपण आणि आपला शेजारधर्म
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात, ज्येष्ठ नागरिकांच्या सत्रात केलेलं भाषण)



पंचवीस वर्षांच्या सोहळ्यात मी कुत्र्यांवर बोलणार म्हटल्यावर सचिवसाहेब हसले. म्हणाले, "साहेब, पाण्याच्या टाकीवर बोला, ठेवींच्या व्याजावर बोला, लोक ऐकतील." पण त्या दोन्ही विषयांवर आपण पंचवीस वर्षं दर सर्वसाधारण सभेत बोलतोच आहोत. आज ज्यावर आपण कधीच बोललो नाही, त्यावर बोलतो.

गेल्या दोन वर्षांत आपल्या सोसायटीतल्या तीन घरांतली कुत्री गेली. माणूस गेला की आपण सगळे जातो, तिरडीला हात लावतो, चहा-भाकरी पोचवतो. या तीन घरी किती जण गेले? बोटांवर मोजण्याइतके. त्यांतल्या एका घरी आपल्या एक वहिनी एकट्याच राहतात. मुलगा पुण्याला, मुलगी परदेशात. बारा वर्षं रोज पहाटे साडेपाचला त्या कुत्र्याला घेऊन फिरायला निघायच्या. कुत्रा गेला आणि वहिनींचं फिरणं थांबलं. मग मंदिरात येणं थांबलं. आता भाजीसुद्धा दारावरच्या गाडीवाल्याकडून घेतात. "कुत्र्यासाठी कुणी एवढं करतं का?" असं आपल्यापैकीच कुणीतरी त्यांच्या कानावर पडेल असं बोललं, हे मला कळलंय. म्हणून हा विषय.

हे दुःख आपल्या संस्कृतीला परकं नाही. महाभारतातल्या महाप्रस्थानिक पर्वात बरोबरच्या कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला युधिष्ठिराने नकार दिला. दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान आहेत. नामदेव महाराज आपल्या मराठवाड्यातल्या नरसीचे. कुत्र्यानं कोरडी पोळी पळवली, तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. आणि आपल्या जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. घरचा बैल गेला तर त्या दिवशी चूल पेटवावीशी वाटत नाही, बैलाला स्वतःच्या शेतात पुरतात आणि पुढच्या पोळ्याला त्याची आठवण काढतात. तिथे त्या माणसाला कुणी हसत नाही. प्लॉट पाडून, बंगले बांधून आपण शहरात आलो, तेव्हा ही समज मात्र गावाकडेच राहिली.

केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली या प्रकारच्या दुःखावर पुस्तक काढलं. ज्या दुःखाला समाज दुःखच मानत नाही, ते माणसाला जास्त पोखरतं, असा त्याचा सारांश. कारण रडायलाही चोरी होते.

आता थोडं व्यवहाराचं बोलू.

पहिली गोष्ट आजारपणाची. कुत्रं बोलत नाही, त्यामुळे लक्षणं आपणच ओळखायची. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे भट्टी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं. त्यामुळे दुपारी त्याला डांबरी रस्त्यावर नेऊ नका आणि बंद गाडीत तर पाच मिनिटंसुद्धा ठेवू नका. गोचीड दिसले तर लगेच डॉक्टर. गोचीड तापाची सुरुवात साधी असते, पुढे रक्तातल्या पेशी कमी होत जातात. नसबंदी न केलेली वयस्क कुत्री माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी एकदम जास्त पाणी प्यायला लागली, सुस्तावली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तिथे उद्यावर ढकलायचं नाही. आणि कृपा करून आपल्या औषधांच्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. माणसाला उतार देणारी गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतते. चॉकलेट, मनुका, द्राक्षं, कांदा हेही नको.

जालन्यात साधे उपचार होतात. मोठी तपासणी, शस्त्रक्रिया म्हटली की छत्रपती संभाजीनगर किंवा परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय. सत्तरीतल्या माणसाने तीस किलोचं आजारी लॅब्रॅडोर एकट्याने उचलून गाडीत कसं घालायचं? इथेच शेजारी लागतो. जाड चादरीची झोळी करायची, दोघांनी दोन टोकं धरायची, की झालं. त्यासाठी कुत्र्यांची आवड असायला हवी असं नाही.

दुसरी गोष्ट म्हातारपणाची. मोठ्या जातीचं कुत्रं सात-आठ वर्षांचं झालं की म्हातारपणाकडे झुकलं म्हणायचं. मग पायरी चढताना थबकतं, डोळ्यांत पांढुरकेपणा येतो, रात्री उगाच फेऱ्या मारतं, घरात लघवी होते. त्याला ओरडू नका. तो खोडसाळपणा नव्हे, वय आहे. फरशीवर जुनं पोतं किंवा सतरंजी टाकली तर पाय घसरत नाहीत. आणि रात्री म्हातारं कुत्रं भुंकलं म्हणून शेजाऱ्याने तक्रारीचा अर्ज लिहिण्याआधी एकदा दार वाजवून विचारावं, "काय झालंय त्याला?" अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. उपचार संपतात आणि डॉक्टर दयामरणाचं विचारतात. घरात दोन तट पडतात. एक म्हणतो पाप आहे, दुसरा म्हणतो हाल बघवत नाहीत. अशा वेळी शेजाऱ्याने निकाल द्यायला जाऊ नये. मी बँकेतला माणूस, मला नोंदीवर विश्वास. मी एवढंच सुचवतो की भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण करा. आज खाल्लं का, स्वतः उठलं का, आपल्याला बघून शेपूट हलली का? चांगला दिवस असेल तर बरोबरची खूण, वाईट असेल तर फुली. फुल्या जास्त व्हायला लागल्या की घरच्यांना उत्तर आपोआप दिसतं, आणि पुढे "आपण घाई केली का?" हा प्रश्न छळत नाही. डॉक्टर आधी गाढ भूल देतात, मगच शेवटचं इंजेक्शन. जवळ बसणं जमत असेल तर बसा, ओळखीचा हात त्याला कळतो. नाही जमत, तर शेजाऱ्याने बसावं.

नंतरचा प्रश्न जागेचा. मुंबईत महापालिकेने २०२३ साली मालाडला लहान प्राण्यांसाठी दहनाची सोय केली. आपल्याकडे बहुतेक जण शेताचाच आधार घेतात. ज्यांचं शेत नाही, त्यांना शेत असलेल्या सभासदाने एक कोपरा द्यावा. विहीर, बोअरपासून लांब, खड्डा खोल.

आणि त्या घरी गेल्यावर काय बोलायचं? "कुत्रंच तर होतं", "दुसरं आणा की", "सुटलं बिचारं", ही तीन वाक्यं बाहेर चपलांपाशी ठेवून आत जा. त्याचं नाव घेऊन बोला. पिठलं-भाकरी न्या. घरात लहान मूल असेल तर "त्याला शेतावर पाठवलं" असं खोटं सांगू नका, मुलं वर्षभर दाराकडे बघत राहतात. आणि महत्त्वाचं म्हणजे ज्या वेळी ते फिरायला जायचे, त्याच वेळी आठ-पंधरा दिवस त्यांच्या दारात जा. म्हणा, "चला, वहिनी, चौकापर्यंत जाऊन येऊ." रिकामी झालेली ती वेळच खायला उठते.

ज्यांना कुत्री आवडत नाहीत, त्यांचीही बाजू खरी आहे. लहान मुलं घाबरतात, रेबीजची भीती असते. म्हणून पाळणाऱ्यांना सांगतो, दरवर्षी लस, बाहेर पट्टा, आणि घाण आपण स्वतः उचलायची. चावा झालाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद-चुना, मंत्र-तंत्र नको. आपण आपली शिस्त पाळली तरच दुसऱ्याकडून सहानुभूती मागायला तोंड राहतं.

शेवटचा मुद्दा आमच्या वयाचा. बँकेत आम्ही खातेदाराच्या मागे लागायचो, नॉमिनीचं नाव लिहा म्हणून. कुत्र्यालाही नॉमिनी हवा. रतन टाटांनी मृत्युपत्रात आपल्या टिटो या कुत्र्याच्या देखभालीची सोय करून ठेवली, हे वर्तमानपत्रांत आलं होतं. मुंबईत २०२४ साली त्यांच्याच पुढाकाराने लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं. एवढ्या मोठ्या माणसाला ही काळजी होती, तर आपण एका कागदावर चार ओळी लिहायला काय हरकत आहे? मी दवाखान्यात दाखल झालो तर याला कोण सांभाळेल, मी गेलो तर कोण नेईल, त्याचा डॉक्टर कोण, लस कधीची. आणि सत्तरीनंतर पुन्हा कुत्रं आणावंसं वाटलं तर पिल्लू आणू नये. पिल्लाला बारा-तेरा वर्षं द्यावी लागतात. आधार हरवलेलं मोठं कुत्रं आणावं, दोघांचं वय जुळतं.

कार्यकारिणीला माझी विनंती फार खर्चाची नाही. ऑफिसात एक वही ठेवा. त्यात पाळीव प्राणी असलेल्या घरांची नोंद, रात्री-अपरात्री गाडी काढायला तयार असलेल्या चार-पाच सभासदांचे नंबर, आणि प्रत्येक प्राण्याचा तो नॉमिनी. पहिलं नाव माझं लिहा. माझी गाडी जुनी आहे, पण संभाजीनगरपर्यंत जाते.

पंचवीस वर्षांपूर्वी इथे नुसती काळी माती आणि बाभळी होत्या. रस्ता, पाणी, दिवे सगळं आपण एकमेकांच्या आधाराने उभं केलं. सहकार हा शब्द आपल्या पाटीवरच आहे. तो फक्त मेंटेनन्सच्या पावतीपुरता राहू नये, एवढं सांगतो आणि थांबतो. सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाला आपल्या सर्वांना मनापासून शुभेच्छा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.