पाटी प्रायव्हेट लिमिटेडची



मी कोडिंग करणारी, सीए नाही. पण आपल्या ग्रुपवर तिघांनी विचारलं, "धंदा सुरू करतो आहे, कंपनी काढू का?" म्हणून माझी फजिती सांगते.

नोकरी सोडून मी सॉफ्टवेअरची कामं स्वतः घेऊ लागले. पाटी भारदस्त दिसावी म्हणून प्रायव्हेट लिमिटेड काढली, नवऱ्याला दुसरा डायरेक्टर केलं. पुढे आईच्या आजारपणात चंद्रपूरला आले आणि काम थांबलं. उलाढाल शून्य, तरी ऑडिट हवंच. ताळेबंद आणि वार्षिक विवरण हे दोन फॉर्म राहिले. उशिराचे प्रत्येकी दिवसाला १०० रुपये. २०० दिवसांचे ४०,०००! कंपनी बंद करायची, तरी आधी तेच भरा.

कराचं गणितही मी मांडलं नव्हतं. एकटीच्या नावावर व्यवसाय असता, तर वर्षाच्या २० लाखांच्या जमेतले निम्मे, म्हणजे १० लाख, उत्पन्न धरता आले असते. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत त्यावर कर शून्य. ही सवलत कंपनीला नाही, एलएलपीलाही नाही. कंपनीच्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून २२ टक्के आणि वर अधिभार, उपकर. लाभांश घेतला की तो पुन्हा आपल्या उत्पन्नात. एलएलपीला दर ३० टक्के, पण भागीदाराच्या वाट्यावर पुन्हा कर नाही.

आपल्याकडचंच बघा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेने स्वतः बांबू विकला. त्यासाठी कंपनी काढली नाही. जंगल ज्यांचं, तेच विक्रेते. कराची कटकट त्यांनाही आहेच. तेंदूपाने विकणाऱ्या ग्रामसभेला तर खरेदीदाराकडून आयकर गोळा करून भरावा लागतो. पण मालक कोण हे आधी ठरलं, कागद नंतर आले. मी उलटं केलं.

बाहेरचा माणूस शेअर घेऊन पैसा घालणार असेल, तर कंपनी जरूर काढा. सुरजागड-कोनसरीकडे ट्रक लावणाऱ्यांना घर-शेत वाचवायला मर्यादित जबाबदारी हवीशी वाटते, तेही बरोबर. फक्त बँक बहुतेक वेळा डायरेक्टरची वैयक्तिक हमी घेतेच, मग त्या कर्जापुरती पाटी कामाची नाही.

जेवणानंतर मी व्हरांड्यात बसते आहे. ट्रकवाल्याने कर्जाचे कागद घेऊनच यावं.