दोष कोठे आहे?

श्रोतेहो, जुने यंत्र बंद पडले की त्याच्याभोवती जमलेल्या माणसांत दोन प्रश्न एकाच वेळी उठतात. काय मोडले, हा पहिला. आणि कोणी मोडले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळण्यास वेळ लागतो. दुसऱ्याचे मात्र तत्काळ मिळते, आणि बहुधा ते चुकीचे असते. एका जुन्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीत ही गोष्ट मी शिकलो, ती आज आपणास सांगावयाची आहे.

ट्रॅक्टर होता फर्ग्युसन टीई-२०. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात या जातीचे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले, आणि त्यांतले काही आपल्या देशातही आले. त्याला निराळी चौकट नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचे हाऊसिंग एकमेकांना बोल्टांनी जोडलेले असते. तोच त्याचा कणा. साहजिकच गिअरबॉक्समध्ये शिरावयाचे तर ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो. निदान चुकले की येथे फार महाग पडते.

रबीच्या पेरणीचे दिवस होते. जमिनीला वाफसा आला होता. ओढ्याचा चढ चढताना मागून ‘काड्’ असा एकच आवाज झाला आणि ट्रॅक्टर थांबला. इंजिन उत्तम चालत होते, गिअर पडत होता. पण क्लच सोडला तरी चाक हलेना. मालक म्हणाले, “पोरानं क्लच झटक्यानं सोडला. आता नुकसान त्याच्या सालातून कापायचं.” सालाने राहिलेला तो मुलगा मान खाली घालून उभा होता. त्याला काही विचारावे, असे मलाही सुचले नाही. आवाज बैठकीखालून आला एवढ्यावरून मी गिअरबॉक्सला दोषी ठरविले आणि ट्रॅक्टर सोडविला. दोन दिवस गेले. गिअरबॉक्सचा दातन्‌दात शाबूत निघाला!

तेव्हा तो मुलगा हळूच म्हणाला, “साहेब, लिफ्ट तर उचलत होती.”

या एका वाक्यात अर्धे निदान होते. या ट्रॅक्टरात लिफ्टचा पंप मागे अवजारांना शक्ती देणाऱ्या पीटीओच्या शाफ्टवर चालतो, आणि त्या शाफ्टला गती मिळते ती क्लचमधून आणि गिअरबॉक्सच्या पुढल्या भागातून. लिफ्ट उचलते, याचा अर्थ तेथपर्यंत सारे ठीक आहे. शोध घ्यावयाचा तो त्याच्या पुढे, चाकाच्या दिशेने.

ट्रॅक्टर पुन्हा जोडला. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, मागची दोन्ही चाके जमिनीपासून उचलली आणि ॲक्सलखाली भक्कम लाकडी ठोकळे दिले. कारण नुसत्या जॅकच्या भरवशावर यंत्राखाली हात घालणे म्हणजे जीव गहाण टाकणे होय. इंजिन बंद ठेवून गिअर टाकला आणि एक चाक हाताने फिरविले. आतले सारे धड असेल, तर अशा वेळी दुसरे चाक आपोआप उलट दिशेने फिरते. येथे दुसरे चाक स्तब्ध राहिले. डाव्या चाकाला आतल्या दात्यांचा स्पर्शही जाणवत नव्हता. ते मोकळे फिरत होते. डाव्या बाजूचा हाफ शाफ्ट तुटला होता.

आपण विचाराल, एक बाजू तुटली तर दुसरे चाक का ओढत नाही? बैलजोडी आठवा. एका बैलाने जुवातून मान काढून घेतली की जू त्या बाजूला फिरते. मग दुसरा कितीही जोर करो, नांगर जागचा हलत नाही. चाकांमधला डिफरन्शियल हा असाच जू आहे. जिकडे अडथळा नाही तिकडे सारी गती निघून जाते. म्हणूनच असा ट्रॅक्टर उतारावर गिअरच्या विश्वासाने कधी उभा करू नये, तो घरंगळतो.

आता तेल काढले. तेलात लोहचुंबक फिरविला तर त्यावर बारीक करडा लेप तेवढा आला. ती नेहमीची झीज. चकचकीत कपचे किंवा दाताचे तुकडे आले असते, तर क्राउन आणि पिनियन यांची जोडी तपासावी लागली असती. आणि ती बदलताना नेहमी जोडीनेच बदलावी, कारण ते दोन्ही दाते एकमेकांशी घासून जुळविलेले असतात. येथे ती वेळ आली नाही. चाक, ब्रेकचा ड्रम आणि बेअरिंगचे झाकण सोडून शाफ्ट बाहेर ओढला. झाकणाखालच्या पातळ शिम जशा निघाल्या तशा मोजून ठेविल्या. आत अडकलेला तुकडा काढला, नवा शाफ्ट आणि नवे सील बसविले, शिम जागच्या जागी घातल्या, ताजे तेल भरले. दोन दिवस ज्या कामाला लागले होते ते काम मुळी नव्हतेच. खरे काम एका दिवसात झाले.

मोडका शाफ्ट मी मालकांपुढे ठेविला. तुटलेल्या तोंडाचा मोठा भाग काळपट आणि गुळगुळीत होता, त्यावर शिंपल्यावर असतात तशा वळ्या होत्या. उरलेली लहानशी कड तेवढी खरखरीत आणि चकाकत होती. काळा भाग म्हणजे जुनी चीर. ती थोडीथोडी वाढत गेली होती आणि तेल तिच्यात मुरले होते. त्या दिवशी ओढ्यावर तुटली ती फक्त ती चकाकणारी कड. अशी चीर एका झटक्याने पडत नाही. ती तो मुलगा कामावर येण्याच्याही आधीची असणे शक्य होते.

मालकांनी तो तुकडा बराच वेळ हातात फिरविला. मग मुलाला म्हणाले, “जा, ट्रॅक्टर काढ.” सालाचा विषय पुन्हा निघाला नाही. पण निम्म्या शेताची ओल तोवर उडाली होती, आणि त्याचा दोष माझा होता.

श्रोतेहो, तेव्हापासून कोणतेही यंत्र पुढे आले की मी हत्यारांच्या पेटीला हात लावण्यापूर्वी ते चालविणाऱ्याला जवळ बसवितो आणि विचारतो, “मोडण्याआधी काय काय चालत होतं, ते सांग.”