गोदावरी नावाची युद्धनौका

नांदेडच्या घाटांवरून वाहणारी, लातूरची मांजरा जिला पुढे मिळते, त्या गोदावरीचं नाव एका युद्धनौकेनं सातासमुद्रांवर नेलं. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली 'आयएनएस गोदावरी' डिसेंबर १९८३मध्ये नौदलात आली. आधीच्या नीलगिरी वर्गातल्या युद्धनौकांचा आराखडा ब्रिटिश होता. हिचा मात्र आपल्याच नौदलाच्या अभियंत्यांनी आखला. दोन सीकिंग हेलिकॉप्टरं मावावीत म्हणून जहाज लांबवलं, सुमारे १२६ मीटर, आणि वाफेची यंत्रणा तीच ठेवली. हे धाडस मला फार मोलाचं वाटतं. युद्धनौकांच्या नावांत नीलगिरी, हिमगिरी या पर्वतनामांनंतर नद्यांची पाळी आली. गोदावरीमागोमाग गंगा आणि गोमती आल्या. गोदावरी डिसेंबर २०१५मध्ये सेवानिवृत्त झाली.